फारोच्या पायाखालचे शत्रू
(बायबलमधल्या प्रतिमा आणि प्राचीन इजिप्तची चित्रे)

१८७४ साली पुण्यात विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यातून एक सचित्र ज्यू धर्मपुस्तक बाहेर पडले. ती होती हगादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री घरच्या सगळ्यांनी एकत्र बसून वाचायची पोथी. इजिप्तमध्ये गुलामीत पिचलेले इस्राएली लोक मोशेच्या मागून कसे बाहेर पडले, ही तिची कथा. हिब्रू मजकुराला मराठी भाषांतराची जोड होती, कारण ज्यांच्यासाठी ती छापली ते बेने इस्राएल लोक घरात मराठीच बोलत. मराठी भाषांतरासह हगादा त्याआधी १८४६ मध्ये मुंबईतही निघाली होती. पुण्याच्या हगादाचे वेगळेपण तिच्या चित्रांत आहे. तिच्यात वल्हांडणाच्या बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका साड्या नेसून जमिनीवर बसल्या आहेत.

बेने इस्राएल समाज कोकणातला. आजच्या रायगड जिल्ह्यातल्या गावांमध्ये त्यांनी पिढ्यानपिढ्या तेलाचे घाणे चालवले. शब्बाथ पाळायचा म्हणून शनिवारी घाणा बंद; त्यामुळे गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. वल्हांडणालाही त्यांच्यात ‘अनाशी धाकाचा सण’ असे घरगुती नाव होते. पुढे पलटणीतल्या आणि सरकारी नोकऱ्यांमुळे यांतली कुटुंबे पुण्यात आली. रास्ता पेठेतले त्यांचे सुक्कथ शेलोमो हे प्रार्थनामंदिर १९२१ चे आहे.

पुण्याच्या चित्रकाराने आपल्या भोवतीची माणसे काढली. युरोपातल्या चित्रकारांनीही मोशेच्या काळातल्या लोकांना आपल्याकडचे झगे आणि टोप्या घातल्या. कथा आपलीशी करण्याचा हा मार्ग जुना आणि प्रामाणिक आहे. त्या चित्रकाराच्या काळी दुसरा मार्ग फारसा उघडलेलाही नव्हता. शाम्पोलियोंने इजिप्तची चित्रलिपी १८२२ मध्ये उलगडली होती, पण अमार्नाची पत्रे सापडली १८८७ मध्ये, इस्राएलचे नाव कोरलेला मेरनेप्ताहचा शिलालेख १८९६ मध्ये आणि तुतनखामुनची कबर १९२२ मध्ये. आज हे सगळे आपल्यासमोर आहे. म्हणून या प्रकरणाचा प्रश्न असा : बायबलच्या लेखकांनी पादासन, पंख, उगारलेला हात, अग्निसर्प असे शब्द लिहिले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे कोणती चित्रे होती? आणि त्या चित्रांचे त्यांनी काय केले?

पहिल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर इजिप्तच्या भिंतींवर, सिंहासनांवर आणि मुद्रांवर मिळते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याहून मोलाचे आहे. इजिप्तच्या कलेत जवळजवळ प्रत्येक महत्त्वाची प्रतिमा राजाभोवती फिरते. बायबलमध्ये तीच प्रतिमा तीन वाटांनी जाते. कधी ती जशीच्या तशी राजाकडे राहते, कधी राजाकडून काढून एकट्या देवाकडे नेली जाते, आणि कधी राजाच्या हातून सुटून सामान्य माणसापर्यंत खाली येते.

पादासन आणि फोडलेली मडकी

पहिल्या वाटेपासून सुरुवात करू. स्तोत्रसंहितेतल्या ११०व्या स्तोत्रात देव राजाला आपल्या उजवीकडे बसवतो आणि त्याचे शत्रू त्याच्या पायांचे आसन करण्याचे वचन देतो. मराठी वाचकाला हा केवळ बोलण्यातला अलंकार वाटतो. पण पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टरने तुतनखामुनची कबर उघडली, तेव्हा तिच्यात राजाची खरोखरची पादासने निघाली. त्यांवर हात बांधलेले परदेशी कैदी रांगेने कोरले आहेत. त्याच्या एका पादत्राणाच्या आतल्या बाजूला, म्हणजे जिथे तळवा टेकतो तिथे, आशियाई आणि नुबियन कैद्यांची चित्रे आहेत. राजा बसला की शत्रू पायाखाली आणि चालू लागला तरी शत्रू पायाखाली. स्तोत्र म्हणणाऱ्याला कल्पना रचण्याची गरजच नव्हती. असे लाकडी सामान राजवाड्यांमधून वापरात होते आणि त्याचा अर्थ त्या प्रदेशात सगळ्यांना ठाऊक होता.

दुसऱ्या स्तोत्रातले राजाचे चित्रही असेच. सियोन डोंगरावर बसवलेला राजा राष्ट्रांना लोखंडी दंडाने कुंभाराच्या मडक्यासारखे फोडील, असे तिथे म्हटले आहे. इजिप्तमध्ये शत्रूंची नावे मातीच्या भांड्यांवर आणि मूर्तींवर लिहून ती विधिपूर्वक फोडण्याची चाल होती. इसवी सनपूर्व एकोणिसाव्या-अठराव्या शतकांतल्या अशा खापरांवर कनानमधल्या अनेक गावांची आणि त्यांच्या प्रमुखांची नावे आहेत. कुर्ट झेटे या जर्मन विद्वानाने त्यांतला बर्लिनमधला संच १९२६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतले एक नाव बहुतेक अभ्यासकांच्या मते यरुशलेमचे आहे, आणि त्या शहराचा हा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख आहे. ज्या शहराचे नाव एकेकाळी फोडायच्या मडक्यावर लिहिले गेले, त्याच शहरातल्या स्तोत्रात पुढे मडकी फोडणारा राजा सियोनचा झाला. प्रतिमा तीच राहिली. बाजू मात्र बदलली. प्रतिमा राजाकडेच राहिली की काय होते, ते इथे दिसते. बायबलमधले हे कठोर भाग वाचताना त्यांची भाषा त्या काळच्या राजसत्तांची ठरलेली भाषा होती, हे लक्षात ठेवले पाहिजे.

उगारलेला हात

कैरोच्या संग्रहालयात नार्मेर राजाची शिलापट्टी आहे. इसवी सनपूर्व सुमारे ३१०० मधली. तिच्यावर राजा एका हाताने गुडघे टेकलेल्या शत्रूचे केस धरून उभा आहे आणि दुसरा हात गदा घेऊन वर उगारलेला आहे. ही मुद्रा इजिप्तच्या कलेत पुढची तीन हजार वर्षे टिकली. कर्नाकच्या आणि मेदिनेत हाबूच्या भिंतींवर तीच मुद्रा माणसाच्या अनेक पट मोठी करून कोरली आहे. राजाचा बळकट हात म्हणजे इजिप्तची सत्ता, हे सगळ्या साम्राज्याला पाठ होते.

यरुशलेमलाही. अमार्नाच्या मातीच्या पाट्यांमध्ये यरुशलेमचा स्थानिक शासक अब्दी-हेबा याची पत्रे आहेत, इसवी सनपूर्व चौदाव्या शतकातली. आपल्याला ही गादी आईबापांमुळे मिळालेली नाही, राजाच्या बळकट हाताने दिली आहे, असे तो फारोला परोपरीने कळवतो. म्हणजे इस्राएली राज्य उभे राहण्याच्या कितीतरी आधी हा शब्दप्रयोग त्या गावात रुळला होता.

आता निर्गम आणि अनुवाद ही पुस्तके उघडावीत. देवाने इस्राएलला बळकट हाताने आणि उगारलेल्या बाहूने मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, बाहेर आणले, हे तिथे पुन्हा पुन्हा येते. जेम्स हॉफमायर यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे की हा शब्दप्रयोग इजिप्तमधून सुटण्याच्या कथेशीच प्रामुख्याने जोडलेला आहे. फारोची सर्वांत प्रसिद्ध मुद्रा फारोविरुद्ध वापरली आहे. जो हात पकडलेल्याच्या डोक्यावर पडत असे, तो इथे पकडलेल्याला सोडवतो. ही दुसरी वाट : प्रतिमा राजाकडून देवाकडे.

राजाचे जे चित्र गुलामाच्या बाजूने कुणी काढले नसते, ते निर्गमाने शब्दांत काढले. तेबेसमधल्या रेखमिरे या वजिराच्या कबरीत, इसवी सनपूर्व पंधराव्या शतकातल्या, विटा पाडणारे परदेशी कैदी रंगवले आहेत. कुणी चिखल तुडवतो, कुणी साचा भरतो, कुणी कावड वाहतो. बाजूला छडी घेतलेला मुकादम आहे. ही माणसे इस्राएलीच आहेत असे तिथे कुठे लिहिलेले नाही आणि तसे म्हणण्याचे कारणही नाही. पण निर्गमाच्या पाचव्या अध्यायातला विटा, गवत आणि मुकादम यांचा तपशील कुठल्या जगातला आहे, ते ही भिंत सांगते. कबरीतल्या चित्रात हे काम वजिराच्या वैभवाचा पुरावा म्हणून रंगवले आहे. निर्गमात तेच काम आक्रोशाचे कारण आहे.

चित्रे यरुशलेमपर्यंत कशी पोहोचली

इथे रास्त शंका येते. यरुशलेमच्या कवीने कर्नाकची भिंत पाहिली होती का? पाहण्याची गरज नव्हती. इसवी सनपूर्व सुमारे १५०० ते ११५० या काळात कनान इजिप्तच्या अमलाखाली होते. बेथ-शानला इजिप्तची शिबंदी होती. भुंग्याच्या आकाराच्या, कोरीव चित्रांच्या लहान मुद्रा त्या प्रदेशात हजारोंनी सापडल्या आहेत. पुढे फिनिशियन कारागिरांनी इजिप्तची चित्रभाषा हस्तिदंतावर उतरवली आणि तशा हस्तिदंती पट्ट्या शोमरोनच्या राजवाड्यातही निघाल्या. साम्राज्य गेले तरी त्याची चिन्हे अंगठ्यांवर, ताइतांवर आणि फर्निचरवर शतकानुशतके फिरत राहिली. ओथमार कील या स्विस अभ्यासकाने १९७२ मध्ये स्तोत्रसंहिता आणि प्राचीन चित्रकला यांची सांगड घालणारा मोठा ग्रंथ लिहिला. मोठ्या भिंतींबरोबरच त्याने अशा लहान, हातोहात फिरणाऱ्या वस्तूंनाही साक्षीला घेतले. बायबलचे शब्द समजून घ्यायला दुसरे शब्द पुरत नाहीत, त्या काळचा माणूस रोज काय पाहत होता ते पाहावे लागते, हे त्याचे म्हणणे आज बरेचसे मान्य झाले आहे.

अग्निसर्प आणि पंख असलेला सूर्य

फारोच्या कपाळावर फणा काढलेला नाग असे. तो राजाच्या शत्रूंवर आग ओकतो अशी श्रद्धा होती. तुतनखामुनच्या सोन्याच्या सिंहासनाचे हात म्हणजे पंख पसरलेले नागच आहेत. ते राजाच्या दोन्ही बाजूंनी त्याचे रक्षण करतात. इसवी सनपूर्व आठव्या शतकात यहूदाच्या राज्यातही असे चार पंखांचे नाग कोरलेल्या मुद्रा प्रतिष्ठित लोक वापरत होते.

त्याच शतकात, उज्जीया राजा मेला त्या वर्षी, यशया संदेष्ट्याला मंदिरात दर्शन झाले. उंच सिंहासनावर देव आणि त्याच्याभोवती सराफीम. आपण मनात पांढऱ्या वस्त्रांतले देवदूत आणतो, कारण युरोपातल्या चित्रांनी तशी सवय लावली. पण बायबलमध्येच सराफ हा शब्द वाळवंटातल्या जळजळीत सापांसाठी आला आहे, आणि यशयाच्याच पुस्तकात उडणारा अग्निसर्प आहे. कील आणि त्याच्यानंतरच्या अनेक अभ्यासकांच्या मते यशयाच्या डोळ्यांपुढे याच मुद्रांवरचे नाग होते. हे मान्य केले की दर्शनाचा अर्थ एकदम खोल होतो. इजिप्तचा नाग आपल्या पंखांनी राजाला झाकतो, वाचवतो. यशयाचे सराफीम दोन पंखांनी स्वतःचे तोंड झाकतात आणि दोन पंखांनी स्वतःचे पाय. सिंहासनावर जो बसला आहे त्याला रक्षकाची गरज नाही. रक्षकांनाच त्याच्या तेजापासून स्वतःला वाचवावे लागते. त्या काळच्या ऐकणाऱ्याला हा फरक सांगावा लागला नसेल.

यशयाच्याच काळातला हिज्किया राजा या चित्रभाषेतला सगळा ताण दाखवतो. मोशेने केलेला म्हणून पूजला जाणारा पितळी साप त्याने फोडून टाकला, असे २ राजे या पुस्तकात आहे. आणि २००९ मध्ये यरुशलेमच्या उत्खननात याच हिज्कियाच्या नावाचा मातीवरचा शिक्का सापडला. पुरातत्त्वज्ञ एलात माझार यांनी तो २०१५ मध्ये जाहीर केला. त्याच्यावर पंख असलेले सूर्यबिंब आहे आणि दोन बाजूंना इजिप्तचे जीवनचिन्ह. पितळी साप फोडणारा राजा स्वतःच्या शिक्क्यावर इजिप्तचा सूर्य वापरत होता. पुढे मलाखीच्या पुस्तकात न्याय्यत्वाचा सूर्य उगवेल आणि त्याच्या पंखांत आरोग्य असेल, अशी आशा आली. सूर्याला पंख कुठून आले, या प्रश्नाचे उत्तर राजाच्या शिक्क्यावर आहे.

रिकामे आसन

इजिप्तमध्ये सणाला देव बाहेर निघे. कर्नाक आणि लक्सोरच्या भिंतींवर अमून देवाची नाव पुजाऱ्यांनी दांड्यांवर, खांद्यावर वाहून नेल्याची चित्रे आहेत. नावेत मखर आणि मखरात पडद्याआड देवाची मूर्ती. कित्येक मखरांवर समोरासमोर पंख पसरलेल्या देवी दिसतात. तुतनखामुनच्या कबरीत अनुबिस या कोल्ह्याच्या रूपातल्या देवाची, सोन्याने मढवलेली पेटीही वाहून नेण्याच्या दांड्यांसकट सापडली.

निर्गमातला कराराचा कोश यांच्याच जातीचा आहे : सोन्याने मढवलेली लाकडी पेटी, कड्यांत घातलेले दांडे, वर समोरासमोर पंख पसरलेले दोन करूब. करूबांचे रूप बहुधा फिनिशियन-सीरियन पंखधारी सिंहाकडून आले असावे. मांडणी मात्र इजिप्तच्या मखरांची आठवण देते. आणि जिथे मूर्ती असायची तिथे काहीच नाही. पंखांच्या मधली जागा मोकळी आहे आणि पेटीत नियमांच्या पाट्या आहेत.

वाळवंटातल्या प्रवासात देवासाठी उभारलेल्या तंबूचे, म्हणजे निवासमंडपाचेही तसेच. अबू सिंबेलच्या मंदिरात रामसेस दुसरा याची कादेशच्या लढाईतली, इसवी सनपूर्व सुमारे १२७४ ची, छावणी कोरली आहे. आयताकृती आवार, मध्ये राजाचा तंबू. बाहेरची खोली लांब, आतली चौकोनी. आतल्या खोलीत राजाचे नाव आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पंख पसरलेले ससाणे. निर्गमातल्या मंडपाची मांडणी हिच्याशी आश्चर्यकारकपणे जुळते, हे मायकेल होमन आणि इतरांनी दाखवले आहे. जिथे फारो होता, त्या जागी कोश आहे. वाळवंटातून चाललेली टोळी स्वतःला देवाची छावणी समजत होती आणि तिचा सेनापती डोळ्यांना दिसत नव्हता.

इस्राएली लोकांनी पूजलेल्या सोन्याच्या वासराचा प्रश्न इथेच येतो. पुण्यात शनिवार पेठेत मुठेच्या काठी पेशवेकालीन ओंकारेश्वराचे मंदिर आहे. तिथे नंदीला हात जोडून आत जाणारा भाविक नंदीला शिव समजत नाही. नंदी वाहन आहे, आणि तो आहे तिथे स्वामी आहे, एवढे त्याला कळते. विल्यम ऑलब्राइट या अमेरिकन पुरातत्त्वज्ञाने यराबाम राजाच्या बेथेल आणि दान इथल्या सोन्याच्या वासरांबद्दल नेमके असेच म्हटले : ती अदृश्य देवाची आसने होती. सीरियात वादळाचा देव बैलाच्या पाठीवर उभा दाखवत, त्यामुळे या मताला चांगला आधार आहे. इजिप्तमध्ये मात्र मेम्फिसचा एपिस बैल देवाचे जिवंत रूप मानला जाई. त्याला मेल्यावर राजासारखे पुरत. निर्गमाचा लेखक वासराकडे या दुसऱ्या नजरेने पाहतो. त्याला ते आसन वाटत नाही, देवाची जागा घेणारी वस्तू वाटते. एकाच बैलाचे दोन अर्थ त्या काळीही होते, आणि त्या दोन अर्थांचे भांडण बायबलमध्ये नोंदले गेले आहे. पुणेकर वाचकाला हे भांडण समजायला इतर कुणाहून सोपे जावे.

सूर्य, माती आणि माणूस

इसवी सनपूर्व चौदाव्या शतकाच्या मध्यात आखेनातेन राजाने सूर्यबिंब आतेन हाच एकमेव पूज्य ठरवला. त्या काळच्या चित्रांत सूर्याच्या प्रत्येक किरणाच्या टोकाला एक लहानसा हात आहे, आणि तो राजा-राणीच्या नाकापाशी जीवनचिन्ह धरतो. अमार्नाच्या आय याच्या कबरीत आतेनचे मोठे स्तोत्र कोरले आहे. सूर्य मावळला की जग मेल्यासारखे होते, सिंह बाहेर पडतात. उजाडले की माणसे कामाला लागतात, गलबते चालतात, मासे उसळतात. १०४व्या स्तोत्रात हाच क्रम, हीच दृश्ये आहेत. दोन्हींमध्ये शतकांचे अंतर आहे आणि आतेनचा पंथ तर राजाबरोबरच संपला. तेव्हा कवीने भिंतीवरून उतरवून घेतले असे समजू नये. सूर्यस्तोत्रांची परंपरा इजिप्तमध्ये पुढेही चालू होती आणि तिचे पडसाद दूरवर गेले.

महत्त्वाचे आहे ते बदललेले. आतेनच्या स्तोत्रात रात्र म्हणजे देवाची गैरहजेरी. १०४व्या स्तोत्रात रात्रही देवानेच केली आहे आणि सिंह आपले भक्ष्य देवाकडे मागतात. सूर्याला फक्त आपली मावळण्याची वेळ ठाऊक आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात तर सूर्याचे नावही घेतलेले नाही. चौथ्या दिवशी टांगलेली ती एक मोठी ज्योती आहे. ज्या सूर्यापुढे फारो हात पसरत होता, त्याला इथे कामाला लावले आहे.

आणि आता तिसरी वाट. तुतनखामुन या नावाचाच अर्थ अमून देवाची जिवंत प्रतिमा असा होतो. देवाची प्रतिमा असणे हा इजिप्तच्या राजाचा मान होता. हात्शेप्सुत राणीच्या देर-एल-बहरीच्या मंदिरात ख्नुम देव कुंभाराच्या चाकावर तिला घडवतो असे दाखवले आहे. लक्सोरला तिसऱ्या आमेनहोतेपसाठीही तेच चित्र आहे. देवाने स्वतःच्या हाताने मातीतून घडवल्याचा मोठेपणा भिंतीवर राजघराण्याचा म्हणून कोरला गेला. उत्पत्तीत देव माती घेऊन जो घडवतो तो राजा नाही, केवळ माणूस आहे. आणि देवाची प्रतिमा म्हणून जे निर्माण होतात ते पुरुष आणि स्त्री दोघेही आहेत. राजाचा किताब सगळ्या माणसांना वाटून टाकला आहे. प्राचीन जगात याहून मोठी उलथापालथ एका वाक्यात क्वचितच कुणी केली असेल.

पंखांच्या सावलीचेही हेच झाले. कैरोच्या संग्रहालयात खाफ्रे राजाचा साडेचार हजार वर्षांपूर्वीचा पुतळा आहे. होरस ससाण्याच्या रूपात त्याच्या डोक्यामागे बसून पंखांनी त्याला वेढतो. स्तोत्रसंहितेत ती सावली पाठलाग चुकवणाऱ्याला मिळते, आणि ३६व्या स्तोत्रात सगळ्या मानवजातीला. रूथच्या पुस्तकात तर ती एका परदेशी, विधवा, शेतात सरवा वेचणाऱ्या बाईला मिळते. मराठीत ही गोष्ट छापणाऱ्या हातांकडेही पाहावे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले मराठी बायबल केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापले गेले. रमाबाईंचे निधन एप्रिल १९२२ मध्ये झाले आणि ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या छपाईचे काम मुक्तीतल्या स्त्रियांनी केले. त्यांच्यात विधवा होत्या, दुष्काळातून वाचवलेल्या मुली होत्या. खाफ्रेचे पंख रूथपर्यंत आले आणि रूथपासून केडगावपर्यंत. प्रतिमांचा एवढा लांब प्रवास क्वचितच इतका स्पष्ट दिसतो.

हृदयाचा काटा

इजिप्तकडून बायबलने काही गोष्टी विरोध न करताही घेतल्या, आणि त्या सांगितल्याशिवाय हे प्रकरण एकांगी होईल. ब्रिटिश म्युझियममध्ये आनी नावाच्या लेखनिकाचा पपायरस आहे, इसवी सनपूर्व सुमारे १२५० चा. त्यात मृताचे हृदय तराजूच्या एका पारड्यात आणि दुसऱ्यात मात, म्हणजे सत्य आणि न्याय, या देवीचे पीस. अनुबिस काटा पाहतो, थोथ नोंद करतो, आणि मगर-सिंह-पाणघोडा अशा मिश्र रूपाची आम्मित बाजूला वाट पाहत बसते.

त्याच संग्रहालयात आमेनेमोपे या अधिकाऱ्याची शिकवण आहे. ती १९२३ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि पुढच्याच वर्षी, १९२४ मध्ये, आडोल्फ एर्मान याने दाखवले की नीतिसूत्रांचा २२:१७ ते २४:२२ हा भाग, विशेषतः त्याची सुरुवात, तिच्याशी फार जवळची आहे. गरिबाला लुबाडू नये, शेताची हद्द सरकवू नये, तापट माणसाशी मैत्री करू नये : उपदेश तेच, कित्येक ठिकाणी मांडणीही तीच. ज्या देशाला इस्राएलने दास्यगृह म्हटले त्याच देशाच्या शहाण्याकडून त्याने विधवा आणि गरिबाच्या हक्कांचे धडे घेतले. हे मान्य करण्यात बायबलचा कमीपणा नाही.

याच भागात, २४व्या अध्यायात, देव हृदये तोलतो असे म्हटले आहे. संदर्भ लक्षपूर्वक पाहावा. मृत्यूकडे नेल्या जाणाऱ्यांना सोडव, आम्हाला ठाऊक नव्हते असे म्हणू नकोस, कारण हृदय तोलणाऱ्याला ते कळते, असा तिथला आशय आहे. इजिप्तमध्ये काटा मेल्यावर लागे, आणि हृदयाने आपल्याविरुद्ध साक्ष देऊ नये म्हणून ममीवर मंत्र कोरलेला दगडी भुंगा ठेवत. नीतिसूत्रांत काटा जिवंतपणीच लागला आहे, आणि त्याला चुकवणारा मंत्र नाही. शेजाऱ्याला वाचवले की नाही, एवढेच वजन धरले जाते.

साम्य पाहताना

अशा अभ्यासात उत्साहाने घसरायला फार वेळ लागत नाही. बेनी हसन इथल्या ख्नुमहोतेप दुसरा याच्या कबरीत रंगीबेरंगी वस्त्रांतले आशियाई लोक गाढवांसह इजिप्तमध्ये येताना रंगवले आहेत. एकोणिसाव्या शतकात काहींनी ते योसेफाचे भाऊच ठरवून टाकले. चित्राशेजारचा लेख त्यांची संख्या ३७ सांगतो, त्यांच्या म्होरक्याचे नाव सांगतो आणि ते डोळ्यांत घालायचा सुरमा आणत असल्याचेही सांगतो. योसेफाचा तिथे संबंध नाही. पण कनानमधले लोक त्या काळी कसे दिसत, कसे प्रवास करत, हे दाखवणारे याहून चांगले चित्र नाही. चित्राकडून पुरावा मागितला की ते निराश करते. त्याच्याकडून जग समजून घेतले की ते भरभरून देते.

म्हणून प्रत्येक साम्यापुढे तीन प्रश्न ठेवावेत. ती प्रतिमा त्या काळी त्या प्रदेशात खरोखर पोहोचली होती का? साम्य एका तुकड्याचे आहे की सगळ्या मांडणीचे? आणि घेणाऱ्याने तिच्यात काय बदलले? बॅबिलोन, उगारित आणि फिनिशिया यांचाही बायबलवर मोठा ठसा आहे. सगळे इजिप्तच्या खात्यावर टाकणे चूक ठरेल. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण लेखकाला काय म्हणायचे होते ते त्या बदलातच सापडते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ही चित्रे आता दूरची राहिलेली नाहीत. सयाजीराव गायकवाडांच्या काळात आणलेली इजिप्तची ममी बडोद्याच्या संग्रहालयात आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात २०१२-१३ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या सहकार्याने ममीचे प्रदर्शन झाले, आणि २०२३-२४ मध्ये भारत, इजिप्त, असीरिया, ग्रीस आणि रोम यांची प्राचीन शिल्पे एकाच छताखाली मांडली गेली. कैरो, लंडन आणि बर्लिनच्या संग्रहांची छायाचित्रे घरबसल्या पाहता येतात. चर्चमधल्या अभ्यासमंडळांनी, धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आणि केवळ साहित्य म्हणून बायबल वाचणाऱ्यांनी आता ओवीशेजारी चित्र ठेवून वाचायला लागावे. ११०वे स्तोत्र वाचताना तुतनखामुनचे पादासन, यशयाचा सहावा अध्याय वाचताना यहूदाची नागमुद्रा आणि उत्पत्ती वाचताना ख्नुमचे चाक समोर असू द्यावे. फारोच्या कारागिरांनी ही चित्रे राजा किती मोठा हे सांगायला घडवली. बायबलच्या श्रेष्ठ लेखकांनी ती उचलून माणसाची किंमत सांगायला वापरली, आणि ही किंमत त्यांनी विटा पाडणाऱ्यापासून मोजायला सुरुवात केली.